शेजारच्या पोराचं मिशन: अठराव्या वर्षी फिलिपिन्सला धर्मप्रचाराला गेलेला मॉर्मन मुलगा

लेहीकरीण

बरेच दिवस हा धागा काढायचा होता पण टंकायचा कंटाळा. आम्ही अमेरिकेत युटामध्ये लेहीला राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या खाली अर्ध्या तासावर. इथे आता आयटीवाले देशी लोक बरेच झालेत पण आमच्या गल्लीत आम्ही सोडून जवळजवळ सगळी घरं मॉर्मन (अमेरिकेतच सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) आहेत. (हे नाव त्यांना स्वतःला आता फारसं आवडत नाही, २०१८ पासून चर्चचं लांबलचक अधिकृत नाव घ्या असं वरून आलंय, पण मी मॉर्मनच लिहिते, सवयीने.) परवा शेजारच्या मुलीला तैवानच्या मिशनचा कॉल (म्हणजे नेमणूक) आला, सगळी गल्ली अंगणात जमली होती, आणि मला तिच्या मोठ्या भावाचं २०१९ चं मिशन आठवलं. त्याच्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मुलगा अठरा पूर्ण झाला, शाळा संपली की दोन वर्षं धर्मप्रचाराला जातो. मुली दीड वर्ष. पूर्वी मुलांना १९ आणि मुलींना २१ ची अट होती, २०१२ मध्ये ती १८ आणि १९ केली (मुलींचीही २०२५ च्या शेवटी १८ झाली) आणि २०१२ पासून मुलींची संख्या एकदम वाढली. मुलांसाठी हे कर्तव्य धरलेलं आहे, मुलींसाठी ऐच्छिक. कुठे जायचं हे आपण निवडायचं नाही. अर्ज, डॉक्टर-डेंटिस्टचे फॉर्म, त्यांच्या बिशपची (स्थानिक चर्चचा प्रमुख) मुलाखत, सगळं सॉल्ट लेकला जातं आणि तिथून एक दिवस कळतं की तू चालला ब्राझीलला किंवा घानाला किंवा शेजारच्या आयडाहोला. आयडाहो आलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, चांगलं वाटल्याचं दाखवावं तर लागतं ना. पगार वगैरे काही नाही, उलट दर महिना ४०० डॉलर (२०२० च्या जुलैपासून ५००) आपणच भरायचे आणि ते टोकियोला जा की बोलिव्हियाला जा सारखेच. आमच्या या पोराने शाळेत असल्यापासून लोकांची लॉन कापून त्यातले बरेच साठवले होते. आमचीही कापायचा.

त्याला आला फिलिपिन्स, बाकोलोद मिशन. नकाशात शोधलं तेव्हा कळलं नेग्रोस नावाचं बेट आहे आणि तिथे टागालोग नाही, हिलिगायनोन बोलतात. आधी प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे भाषा आणि प्रचाराची तयारी, तिथे पन्नासच्या वर भाषा शिकवतात, आणि मग थेट विमानात. त्याची आई त्याचे दर सोमवारचे ईमेल नातेवाईक-शेजाऱ्यांना पाठवायची, त्या यादीत मीही होते, त्यामुळे हे सगळं मला जवळपास लाइव्ह कळत होतं. सोमवार कारण तो त्यांचा सुट्टीसदृश दिवस: कपडे धुणं, बाजार, केस कापणं, घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आठवड्याला एक व्हिडिओ कॉल चालतो. याच्या थोरल्या भावाच्या वेळी वर्षात दोनच फोन होते, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. ती बाई सांगते की थोरल्याच्या वेळी फोन ठेवल्यावर ती गराजमध्ये जाऊन रडायची, घरात रडलं की बाकीची पोरं घाबरतात म्हणून.

सुरुवातीचे ईमेल सगळे उत्साहाचे. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग दिवसभर बाहेर आणि साडेदहाला दिवे बंद. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी, एल्डर अमुक. पहिलं नाव दोन वर्षं गायबच. बादली-मगने अंघोळ करायची वेळ आली त्याचं त्याने तीन परिच्छेद वर्णन केलं होतं, मी नवऱ्याला वाचून दाखवलं, आम्ही पोट धरून हसलो. तीन वेळा भात, सुकी मासळी, लाइट गेले की जातात ते रात्रभर. रस्त्यावरची पोरं गोरा माणूस दिसला की "हे जो!" करून ओरडतात, अमेरिकन सैनिकांच्या काळापासूनची सवय म्हणे. मोठ्या माणसाचा हात आपल्या कपाळाला लावून नमस्कार करायची तिथली पद्धत मात्र त्याला फार आवडली, परत आल्यावर माझ्या सासूबाई आल्या होत्या त्यांना त्याने तसाच नमस्कार केला आणि सासूबाई एकदम खूश.

साधारण तिसऱ्या महिन्यापासून ईमेल लहान होत गेले. त्यात काय नव्हतं ते त्याने नंतर सांगितलं. ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आता मुलीला आणायला जायचंय.

साबुदाणा_वडा

मस्त सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!
तो कंपॅनियन वगैरे प्रकार असतो ना, दोघं दोघं फिरतात ते? त्याबद्दल पण लिहा.

प्रश्नोपनिषद

लेख छान लिहिलाय पण मला बेसिकमध्येच प्रॉब्लेम आहे. अठरा वर्षांचं पोर, ज्याने आयुष्यात काही पाहिलं नाही, ते दुसऱ्या देशातल्या गरीब लोकांना जाऊन सांगणार की तुमचं जगणं चुकतंय? आणि फिलिपिन्स तर आधीच कॅथलिक, म्हणजे ख्रिश्चनांनाच ख्रिश्चन करायला निघालेत. बाकी बादली-मगचं कौतुक आपल्याला कशाला, आपण जन्मापासून तेच करतोय.

खवचट_खार

>> बादली-मगचं कौतुक आपल्याला कशाला
खिक्. शॉवर असूनही बादली भरून घेणाऱ्या संघटनेचा मी आजीव सभासद आहे.

नीलिमा_साइतामा

आमच्या इथे जपानमध्ये यांची ओळख म्हणजे फुकट इंग्लिश क्लास. चर्चमध्ये आठवड्यातून एकदा संध्याकाळी, वीस वर्षांची दोन पोरं हेल्मेट बाजूला ठेवून शिकवायला उभी. मी नवीन होते तेव्हा उलटं करायचे, त्यांच्याकडून जपानी बोलायला शिकायचे, कारण त्यांचं जपानी इतकं स्वच्छ आणि नम्र असतं की शेजारच्या ओबासान (मावश्या) थक्क होतात. शेवटची पंधरा मिनिटं धर्माचं काहीतरी असायचं, ज्याला नको तो उठून जायचा, कुणी अडवायचं नाही.

पण जपानमध्ये त्यांचे हाल बघवत नाहीत हो. इथे कुणी तोंडावर नाही म्हणतच नाही. "आज जरा गडबडीत आहे", "हो का, छान छान", आणि दार बंद. एकाने मला सांगितलं की पहिले काही आठवडे त्याला वाटायचं की अर्धं गाव आपलं ऐकायला तयार आहे! मग सिनियर कंपॅनियनने समजावलं. आणि कुणी प्रेमाने घरात घेतलंच तर समोर ग्रीन टी ठेवतात, आणि यांना चहा-कॉफी-दारू-सिगारेट काहीच चालत नाही, ग्रीन टीसुद्धा नाही. मग मुगीचा म्हणजे बार्लीचा थंड चहा आहे का असं लाजत विचारायचं, तो चालतो कारण त्यात चहाची पानं नसतात. १९०१ पासून हे लोक जपानात येतायत, १९२४ ला कंटाळून बंद केलं होतं, महायुद्धानंतर १९४८ ला परत सुरू केलं. म्हणजे चिकाटी आहे हे मानलं पाहिजे.

प्रश्नोपनिषद, तुमचा मुद्दा पटतो पण माझ्या बघण्यात तरी ही पोरं शिकवण्यापेक्षा नकार पचवणं जास्त करत होती.

रानातला_गडी

नेग्रोस म्हणजे साखरेचं बेट ना? मी कारखान्यात होतो म्हणून नाव ऐकून माहीत आहे. ऐंशीच्या दशकात साखरेचे भाव पडले तेव्हा तिथं उपासमार झाली होती, कुपोषित पोरांचे फोटो जगभर छापून आले होते. ताई, त्या पोरानं ऊसतोडीचं काही पाहिलं का? त्यांच्याकडं मुकादम-उचल असला प्रकार आहे का, का वेगळं काही?

लेहीकरीण

@रानातला_गडी, हो, तेच बेट. आणि पाहिलं म्हणजे काय, त्याचा दुसरा एरिया सगळा उसातच होता. (दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर जाहीर होतात, कधी जागा बदलते, कधी जोडीदार, कधी काहीच नाही.) मोठमोठ्या हासियेंदा (उसाचे मळे), मालक शहरात, आणि मजुरांची वस्ती मालकाच्याच जमिनीवर. तोडीला बाहेरच्या बेटांवरून माणसं आणतात, त्यांना साकादा म्हणतात, त्यांना आणणारा कंत्राटदार असतो आणि आधी उचल देतो, मग ती फिटेपर्यंत तोडायचं. म्हणजे तुम्ही विचारलंत तसंच. हंगाम संपला की पावसाळ्यातले काही महिने काम नसतं, त्याला ते लोक मेलेला काळ म्हणतात, तेव्हा दुकानात उधारी चढते. पोरगा ऑगस्टमध्ये पोचला म्हणजे बरोबर त्यातच. त्याने पहिल्यांदा एका घरात पाहिलं की जेवायला फक्त भात आणि मीठ आहे आणि तरी या दोघांना बसा जेवा म्हणतायत. मिशनरींनी कुणाला पैसे द्यायचे नाहीत असा नियम आहे, मदत करायची ती तिथल्या चर्चच्या माणसामार्फत. त्याला तो नियम समजत होता, नाहीतर लोक पैशासाठीच येतील, पण ते ताट समोर आलं की समजणं एका बाजूला राहतं.

@साबुदाणा_वडा, कंपॅनियन हाच खरा या सगळ्यातला अवघड पेपर आहे असं माझं मत झालंय. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, बाथरूम सोडून. एकटं कुठेही जायचं नाही. जोडीदार कोण ते मिशन प्रेसिडेंट (तिथल्या मिशनचा प्रमुख) ठरवणार. अठराव्या वर्षी, अनोळखी माणसाबरोबर, अनोळखी देशात. आपली पोरं हॉस्टेलला गेली तरी निदान खोलीतून बाहेर पडून चार मित्र गाठू शकतात. याचा पहिला जोडीदार लुझोन बेटावरचा फिलिपिनो, वयाने थोडा मोठा, अख्ख्या खानदानात एकटा मॉर्मन. त्यालाही हिलिगायनोन येत नव्हतं, त्याची भाषा वेगळी, त्यामुळे दोघंही शिकाऊ. पहिल्या महिन्यात दोघांचं अजिबात पटलं नाही. आमचा पोरगा घड्याळ लावून चालणारा, मिनिटं मोजणारा, आणि तो दुसरा कुणाच्याही अंगणात बसला की तासभर उठायचा नाही, तांदूळ निवडायला लागायचा त्यांच्याबरोबर. पोरगा रात्री डायरीत तक्रारी लिहायचा. नंतर त्याच्या लक्षात आलं की लोक ऐकतायत ते तांदूळ निवडणाऱ्याचं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. एक जोडपं होतं, तो ट्रायसिकल चालवायचा (बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, तिथली रिक्षाच), ती केळी साखरेत तळून काडीला लावून विकायची. एकत्र राहून बरीच वर्षं झालेली, चार मुलं. यांच्याकडे स्वतःहून आले. दर रविवारी उन्हात चालत चर्चला यायचे, त्याने सिगारेट सोडली, तिने कॉफी सोडली. फिलिपिन्समध्ये सकाळी कॉफी न पिणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना विचारा. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा कळलं की तिचं आधी एक लग्न झालेलं आहे. नवरा मनिलाला गेला, तिकडे दुसरा संसार थाटला, ठणठणीत जिवंत आहे. आणि फिलिपिन्समध्ये घटस्फोटच नाही. खरंच नाही. व्हॅटिकन सोडलं तर जगात तेवढाच देश उरलाय. मुस्लिमांसाठी वेगळा कायदा आहे, बाकीच्यांनी कोर्टात जाऊन लग्न मुळात झालंच नव्हतं असं सिद्ध करायचं, त्याला वर्षं जातात आणि वकिलाची फी केळी विकून निघत नाही. २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचं बिल पास केलं होतं पण सिनेटमध्ये अडकलं.

आणि मॉर्मन चर्चचा नियम असा की लग्नाशिवाय एकत्र राहत असाल तर आधी लग्न करा किंवा वेगळे व्हा, मगच बाप्तिस्मा. ज्या जोडप्यांची फक्त नोंदणी राहिलेली असते त्यांची लग्नं लावून देतात, तिथे नगरपालिकासुद्धा एकदम पन्नासशंभर जोडप्यांची फुकट लग्नं लावते, त्यामुळे ती अडचण सुटते. हिची सुटणारी नव्हती. म्हणजे चार मुलांच्या बापापासून वेगळी हो, नाहीतर बाप्तिस्मा नाही. हे तिला सांगायचं काम कुणाचं? तर अठरा वर्षांच्या, हिलिगायनोन धड न येणाऱ्या आमच्या लॉन कापणाऱ्या पोराचं, कारण जोडीदाराने सांगायला साफ नकार दिला. त्या जोडीदाराची स्वतःची आई याच कारणाने बाहेर राहिलेली होती, हे पोराला त्या रात्री कळलं. इतके आठवडे एका खोलीत राहून माहीत नव्हतं.

त्याने सांगितलं. ती बाई म्हणे शांतपणे ऐकून म्हणाली की बरं, पण रविवारी यायला तर चालेल ना. आणि येत राहिले, दोघंही. आठ वर्षांवरच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीने बाप्तिस्मा देता येतो, तर त्यांच्या थोरल्या मुलीला दिला. याच पोराने दिला, पांढरे कपडे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. आईबाप समोरच्या खुर्च्यांवर बसून बघत होते. ईमेलमध्ये फक्त एवढंच आलं होतं की "या आठवड्यात एक बाप्तिस्मा झाला, फार आनंद वाटला" आणि फोटो. त्याच्या आईने तो फोटो फ्रिजवर लावला होता.

साबुदाणा_वडा

बापरे. सुन्न.

प्रश्नोपनिषद

हेच तर म्हणतोय मी. नियम करणारे सॉल्ट लेकला एसीत, आणि तो बाईच्या तोंडावर सांगायला पाठवलं कोणाला तर बारावी पास मुलाला. त्या मुलावरही अन्यायच आहे हा.
आणि ताई, राग मानू नका, पण "शेवटी यातून चांगली माणसं घडतात" टाइप निष्कर्ष काढणार असाल तर त्या बाईच्या जिवावर याचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर झालं असंच म्हणावं लागेल.

जुना_कँपवाला

थोडं अवांतर, पण पुण्याचा संबंध आहे म्हणून लिहितो. हे लोक आपल्याकडे १८५० च्या दशकातच येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा गृहस्थ १८५२ मध्ये इंग्लंडहून मुंबईला उतरला आणि पुढे पुण्यात येऊन राहिला. ऐकणारे मुख्यतः छावणीतले गोरे शिपाई आणि त्यांच्या बायका. लष्करी अधिकाऱ्यांना आणि पाद्र्यांना ते अजिबात खपलं नाही, छावणीत प्रचाराला बंदी वगैरे झाली. तरी पुण्यात छोटी शाखा निघाली होती. तिकडे युटाहून निघालेली मंडळी १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून कलकत्त्याला आली, त्यांच्या जहाजाचं नाव 'मान्सून'. तेव्हा लग्न झालेले, पोरंबाळं असलेले बाप्ये पाठवायचे. गाठीला पैसे नाहीत, लोक खायला घालतील त्यावर फिरायचं, अशी पद्धत होती. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात ते कितपत चालणार! त्यात १८५२ लाच सॉल्ट लेकला बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केल्याची बातमी इकडे पोचली आणि उरलीसुरली दारंही बंद झाली. दोनचार वर्षांत गाशा गुंडाळला. पुढे १८९० मध्ये त्यांनी बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, ते सोडा.

सध्याचं म्हणाल तर बंगळूरला १९९३ पासून आणि दिल्लीला २००७ पासून त्यांची मिशनं आहेत, आणि बंगळूरला त्यांच्या मंदिराचं (टेंपलचं) काम २०२० मध्ये सुरू झालं. भारतातली मुलंमुलीही मिशनवर जातात, म्हणजे हे सगळं गोऱ्यांचंच राहिलेलं नाही.

रानातला_गडी

साकादाची माहिती दिल्याबद्दल आभार ताई. आमच्याकडं नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, तिकडं बाया तोडीला असतात का हे कळलं तर सांगा.
बाकी धर्माचं मला काय कळत नाही, पण त्या जोडीदारानं सांगायला नकार दिला ते मला आवडलं. मोठ्या साहेबाचं ऐकायचं नाही म्हणजे नाही, आणि तरी काम सोडून गेला नाही.

लेहीकरीण

@प्रश्नोपनिषद, राग कशाला. शिबिर हा शब्द लागला, पण तुम्ही म्हणताय ते मला स्वतःला बरेच दिवस छळत होतं. त्या बाईचं काय भलं झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि पोराकडेही नाही. मी त्याला विचारलं होतं, परत आल्यावर, की तुला तो नियम बरोबर वाटतो का. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला की लग्नाबद्दलचा नियम बरोबर वाटतो, पण त्या घरी तो लागू होताना बरोबर वाटला नाही. हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवून तो अजून दर रविवारी चर्चला जातो. जायचं थांबवलं असतं तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती, पण नाही थांबवलं. मला एवढंच म्हणायचंय की आपण या पोरांकडे बघतो तेव्हा एकतर ब्रेनवॉश झालेली पोपट म्हणून बघतो नाहीतर भोळी गोंडस बाळं म्हणून, आणि इथे एक पोरगा स्वतःच्या धर्माच्या नियमाची किंमत दुसरं कुणीतरी भरताना समोर उभा होता, आणि त्याने नजर फिरवली नाही. आपल्यापैकी किती जणांवर आपल्या रीतिरिवाजांच्या बाबतीत ही वेळ येते? आपल्याकडे हे सगळं आजी किंवा भटजी परस्पर सांगून मोकळे होतात.

@गडी, बायांचं त्याला विचारून सांगते.

आणि अन्यायाचं म्हणाल तर दबाव असतोच, नाकारत नाही. इथे जो पोरगा जात नाही किंवा तब्येतीमुळे, मनाच्या त्रासामुळे मधेच परत येतो त्याच्याकडे लोक कसं बघतात ते मी पाहिलंय. कुणी काही बोलत नाही, फक्त विषय बदलतात. आता घरी राहून सेवा करायचं वेगळं मिशनही असतं, पण ते मागच्या दाराने आल्यासारखं वाटतं काही घरांत.

आमचा पोरगाही मधेच आला, पण सगळेच आले. २०२० चा मार्च. फिलिपिन्समधल्या परदेशी मिशनरींना परत बोलावलं, दीड हजारांहून जास्त पोरं चार्टर विमानांनी. त्याला कळलं रात्री, सकाळी निघायचं. फिलिपिनो जोडीदार तिथेच राहिले. ट्रायसिकलवाल्या घरी निरोप घ्यायला जाता आलं नाही कारण बाहेर पडायला बंदी. सॉल्ट लेकच्या विमानतळावर पोरांच्या घरच्यांनी पार्किंगमध्ये झेंडे, फुगे घेऊन एवढी गर्दी केली की बातम्यांत शिव्या पडल्या, कोव्हिडच्या त्या पहिल्या दिवसांत. आणि मग चौदा दिवस स्वतःच्याच घरातल्या बेसमेंटमध्ये. त्याची आई जिन्यावर ताट ठेवायची. खिडकीतून मला हात करायचा. एकटं राहायची सवयच गेली होती, जोडीदार नाही म्हणून रात्री झोप यायची नाही म्हणाला, ज्याच्याविरुद्ध डायरीभर तक्रारी होत्या तोच जोडीदार. उरलेले महिने मग त्याला अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात पाठवलं, तिथे दारं वाजवायलाही बंदी, म्हणून सगळा प्रचार फेसबुकवर. तो भाग तो दोन वाक्यांत संपवतो.

खवचट_खार

सिरियसली छान लिहिलंय, पुढील लेखनास शुभेच्छा.
माझा एक प्रश्न: मिट रॉम्नी (ओबामाविरुद्ध अध्यक्षपदाला उभा राहिलेला) पण असाच फ्रान्सला गेला होता ना? फ्रान्समध्ये दारू सोडा म्हणून सांगायचं म्हणजे पंढरपुरात माळ काढा म्हणण्यासारखं आहे.

जुना_कँपवाला

हो, १९६६ ते ६८, तेव्हा तिथे अडीच वर्षं असायचं. १९६८ मध्ये तिकडे मोटार अपघात झाला, गाडी तोच चालवत होता, समोरून येणाऱ्या गाडीने धडक दिली. मिशन प्रेसिडेंटची पत्नी गेली आणि रॉम्नी स्वतः गंभीर जखमी झाला होता. मरता मरता वाचला.

प्रश्नोपनिषद

ताई, उत्तर प्रामाणिक आहे. पूर्ण पटलं नाही पण शिबिर हा शब्द मागे घेतो.
एक विचारायचं राहिलं, त्या कुटुंबाचा काही संपर्क?

लेहीकरीण

आहे. फेसबुक मेसेंजरवर. मुलगी आता कॉलेजच्या वयाची होत आली, तिचे मेसेज येतात, याचं हिलिगायनोन अजून टिकून आहे ते त्यामुळेच. आईबापांचं कागदावर आहे तिथेच आहे. जोडीदार लग्न करून सौदीला कामाला गेला.

आणि @गडी, विचारलं. बायका लावणी, खुरपणी, खत टाकणं यात त्याला जास्त दिसल्या, तोडणीला आणि ट्रकवर मोळ्या चढवायला मुख्यतः पुरुष, पण तोडताना नवऱ्यामागे पाला काढणाऱ्या बायका आणि पोरंही पाहिली म्हणाला. तुमच्यासारखा दोघांचा मिळून हिशेब त्याने तरी पाहिला नाही.

मुक्ता_७७

धागा आजच वाचला, एकदम वेगळा विषय. माझा मुलगा या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ युटाला मास्टर्सला येतोय. तो भिडस्त आहे, दारावर ही मुलं आली तर घरात घेऊन बसवेल आणि मग नाही म्हणता येणार नाही असं मला वाटतंय. काय सांगू त्याला?

लेहीकरीण

अभिनंदन! काळजी नको, खूप सेफ आणि मदत करणारी माणसं आहेत. घर शिफ्ट करताना अनोळखी शेजारी येऊन सोफा उचलतील, गंमत नाही करत आहे. वसंतात स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळीला पाठवा त्याला, निम्म्याहून जास्त रंगलेली पोरं प्रोव्होच्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीची असतात, आणि मद्याचा थेंब नसतो.

दारावर आले तर स्पष्ट "नको, थँक्यू" म्हणायचं, त्यांना वाईट वाटत नाही, दिवसभर तेच ऐकतात. "नंतर या" मात्र चुकूनही म्हणायचं नाही, ते खरंच लिहून घेतात आणि खरंच येतात. उन्हाळ्यात पाणी किंवा लिंबू सरबत विचारा, चहा नको. ऐकायची इच्छा असेल तर ऐका, एकदा ऐकलं म्हणून कुणी पाण्यात बुडवत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. मिशनवरून परत आलेली पोरं उन्हाळ्यात दारोदार पेस्ट कंट्रोल, सोलर पॅनल आणि अलार्म सिस्टिम विकतात. दोन वर्षं नकार ऐकून ऐकून तयार झालेली असतात, तीन भाषा बोलतात, तुमच्या कुत्र्याचं नाव लक्षात ठेवतात. आमच्याकडे देवाचं नाव घेऊन आलेल्यांना मी हसत परत पाठवलं, आणि मुंग्यांच्या औषधाचं वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट नवऱ्याने सही करून दिलंय. मुलाला सांगा, त्यांना दार उघडायचं नाही.